दुपारनंतर नाला ओलांडायचा नाही

स्पितीला बाइकवर जाऊन आल्यापासून मंडळातली मुलं मला हटकून बाइकबद्दलच विचारतात. किती सीसीची हवी, स्वतःची न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी, टायर बदलावे लागतात का. उत्तरं आहेत, पुढे देतोही. पण माझ्या मते पहिला प्रश्न गाडीचा नाहीच. स्पितीत कोणत्या बाजूने शिरायचं, हा आहे.

स्पिती म्हणजे हिमाचल प्रदेशाचा तिबेटला लागून असलेला भाग. पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांनाच अडतात, त्यामुळे मैलोन्‌मैल झाड नाही. थंड वाळवंटच ते. तिथे जायला रस्ते दोन. एक मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून. हा साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. दुसरा शिमल्याहून किन्नौरमार्गे, आधी सतलज आणि मग स्पिती नदीच्या काठाने. हा बहुतेक वर्षभर चालू असतो. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि मनालीकडून जाणाऱ्याला रोहतांगचा घाट चढायची गरज उरली नाही. त्यामुळे ती बाजू फारच सोयीची वाटते. मधले पाच दिवस रजा टाकून, दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडून निघालेल्या आयटीवाल्याला 'लवकर पोचतो' हे शब्द किती गोड लागतात, ते मी सांगायला नको.

अडचण आहे उंचीची. मनाली साधारण २,००० मीटरवर. सकाळी तिथून निघून रात्री चंद्रताल तलावाजवळच्या तंबूत झोपायचं म्हणजे सुमारे ४,२५० मीटर. डॉक्टरांचा ढोबळ नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून फार उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांत एकदा एका जागी मुक्काम वाढवावा. मनाली ते चंद्रताल हा एका दिवसात २,२०० मीटरचा चढ झाला. शिमल्याकडून तोच चढ पाच-सहा दिवसांवर पसरतो : नारकंडा २,७००, कल्पा २,९६०, नाको ३,६६०, मग ताबो ३,२८० म्हणजे उलट थोडं खाली, आणि नंतर काझा सुमारे ३,७००. रस्ता लांब आहे, धूळ भरपूर आहे, पण शरीराला हिशेब जुळवायला वेळ मिळतो.

हा हिशेब काय असतो, ते आम्हा इंजिनिअर लोकांना गाडीवरून लवकर कळतं. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्केच उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण एका श्वासात येणारी हवाच विरळ. इंजिनाचंही तसंच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच येतं, म्हणून ती काळा धूर सोडते, प्लग काळा पडतो, चढावर गाडी गुदमरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दाब मोजणारा सेन्सर असतो, तो बघून कंट्रोल युनिट पेट्रोल कमी करतं. धूर थांबतो, पण नसलेली हवा कुठून आणणार? ताकद कमी ती कमीच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चढायचं.

शरीराकडेही असा सेन्सर आहे. ऑक्सिजन कमी झाला की आपण आपोआप जोरात श्वास घेतो. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि मेंदू म्हणतो, आता श्वास जरा आवर. रात्री झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून जाग येते ती यामुळे. ही गाठ सोडवायची मूत्रपिंडांनी, रक्तातलं बायकार्बोनेट बाहेर टाकून. गाडीचं कंट्रोल युनिट क्षणात हिशेब बदलतं, मूत्रपिंडांना दोन-चार दिवस लागतात. डायमॉक्स नावाची गोळी लोक घेतात ती याच कामाला वेग देते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

आम्ही तिघे होतो. मी इंदूरचा. माझा मावसभाऊ बडोद्याचा, वय पंचवीस, नियमित जिम, हाफ मॅरेथॉन धावणारा. तिसरा कॉलेजातला मित्र, हैदराबादचा, चार पिढ्या काचीगुड्याकडे राहिलेला. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर तीन गावांची मराठी चालायची. माझ्या वाक्यात अर्धी हिंदी, मावसभावाचं दर दोन मिनिटांनी 'चालो', आणि मित्राचं प्रत्येक सूचनेला 'नक्को'. डिकीत मावशीचे ठेपले आणि आमच्याकडची शेव, त्यामुळे पहिले तीन दिवस धाब्यांना आमच्याकडून फारसा धंदा झाला नाही.

माझी साडेतीनशे सीसीची गाडी मी रेल्वेने चंदीगडला पाठवली. पार्सल ऑफिसात टाकी पूर्ण कोरडी करून मागतात, तेव्हा उतरवून घेतल्यावर पेट्रोलसाठी एक बाटली हाताशी ठेवा. बाकी दोघांनी चंदीगडला भाड्याने घेतल्या. सांगायचं एवढंच की दोनशे सीसीची नीट सर्व्हिस केलेली गाडीही हा रस्ता करते. गावातली पोरं शंभर-सव्वाशे सीसीवर मागे पोतं बांधून आम्हाला मागे टाकत होती. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल, पंक्चरचं सामान, छोटा हवेचा पंप आणि चेनसाठी तेल मात्र हवंच. पेट्रोलचा हिशेब मांडूनच निघा. रिकांग पिओजवळच्या पोवारीचा पंप सोडला की पुढचा थेट काझ्यात, साधारण दोनशे किलोमीटरवर. काझ्याहून मनालीकडे निघालात तर पुन्हा तेवढंच अंतर. भारतीयांना परवाना लागत नाही. परदेशी नागरिकांना किन्नौरचा सीमेलगतचा पट्टा ओलांडायला लागतो.

शिमला ते कल्पा हा भाग मी भराभर सांगतो, कारण सुंदर असला तरी तो हिरव्या हिमाचलाचाच भाग आहे. लॉर्ड डलहौसीच्या काळात १८५० साली सुरू झालेला हिंदुस्थान-तिबेट रस्ता तो हाच. पुढे कडा पोखरून केलेले अर्धे बोगदे लागतात, डोक्यावर खडक आणि डाव्या-उजव्या हाताला थेट सतलज. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून जग एकदम तपकिरी होतं. नाकोच्या पुढे मलिंग नाल्याचा उतार सतत ढासळत असतो. तिथे पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं फावडी घेऊन उभी होती. चौकशी केली तर बहुतेक जण झारखंडचे. सीमा सडक संघटनेच्या कामावर दर उन्हाळ्यात तिथून हजारो मजूर हिमालयात येतात. आम्ही 'रस्ता खराब आहे' म्हणून कुरकुरत होतो तो रस्ता त्या सकाळी अस्तित्वात होता, तोच या माणसांमुळे.

काझ्याला पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांग्झा, हिक्कीम, कोमिक अशी वरच्या गावांची फेरी केली. ही सगळी ४,४०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच. लांग्झ्याच्या डोंगरात अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता त्याची खूण. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे बहुतेक वेळा हाच प्राणी, हे मी मावसभावाला सांगितलं तर तो नुसता हो म्हणाला. एरवी त्याने दहा प्रश्न विचारले असते. गावातली मुलं हे दगड विकायला आणतात. घेऊ नका, ते नेणं बेकायदा आहे. हिक्कीमला १९८३ पासून पोस्ट ऑफिस आहे, जगातलं सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती. (स्पितीत 'जगातलं सर्वांत उंच' अशा पाट्या इतक्या आहेत की एखाद्या चहाच्या टपरीवर ती नसली तर चुकल्यासारखं वाटतं.) मावसभावाने मावशीला तिथून पत्र टाकलं. त्यात लिहिलं होतं, 'मी एकदम मजेत.'

त्या रात्री जेवताना तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन ओकला. परत आला तेव्हा म्हणाला, "दादा, तुला सांगायचं होतं. डोकं नाकोपासून ठणकतंय."

नाको म्हणजे तीन दिवसांपूर्वी. ताबोला खाली आल्यावर जरा उतरलं होतं, काझ्याला पुन्हा सुरू झालं. या काळात तो गुपचूप पॅरासिटामॉल घेत होता. का सांगितलं नाही? तर आमच्यामुळे तुमची ट्रिप बिघडायला नको, आणि दुसरं म्हणजे तिघांत सगळ्यांत तंदुरुस्त तोच, त्यालाच झालं कसं म्हणायचं! ही दुसरी गोष्ट तरुण मुलांनी नीट वाचावी. उंचीच्या आजाराचा आणि जिमचा काही संबंध नाही. दंडाचा घेर पाहून तो सूट देत नाही. उलट धडधाकट माणूस जास्त वेगाने चढतो, जास्त दामटतो आणि जास्त लपवतो. गोळीने डोकं थांबतं, पण डोकेदुखी हीच तर शरीराने लावलेली पाटी असते.

कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं यंत्र आम्ही बरोबर घेतलं होतं. काझ्याच्या उंचीवर ८५ ते ९० आकडा आला तर घाबरायचं कारण नसतं. माझा ८८ होता, मित्राचा ८६. मावसभावाचा ७३.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला आधी चालायला लावलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, सरळ रेषेत. तोल जात असता तर मेंदूला सूज आल्याचं लक्षण. मग बसल्या जागी दम लागतो का, खोकला आहे का, हे पाहिलं. ती फुप्फुसात पाणी साठल्याची खूण. दोन्ही नव्हतं. रात्रभर ऑक्सिजन लावला आणि सकाळी त्यांनी एकच सांगितलं : याला वर नेऊ नका, खाली न्या.

आता काझ्यात उभं राहून 'खाली' म्हणजे कुठे, याचा विचार करा. मनाली खाली आहे, पण मध्ये साडेचार हजार मीटरची कुंझुम आहे. म्हणजे खाली जायला आधी वर. खरं खाली ताबोकडे, आल्या वाटेने ४७ किलोमीटर मागे. आणि आमच्या ठरलेल्या बेताप्रमाणे त्या रात्री आम्ही चंद्रतालला असणार होतो.

मित्राने विरोध केला आणि मी त्याला दोष देत नाही. त्याचं चंदीगडहून विमान बुक होतं, सोमवारी सकाळी क्लायंटसमोर सादरीकरण होतं. त्याचं म्हणणं असं की ऑक्सिजनने आकडा ८५ झालाय, टॅक्सीत सिलिंडर ठेवून याला तडक मनालीला पोचवू, संध्याकाळी दोन हजार मीटरवर असेल. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण कुंझुमच्या पलीकडचा रस्ता वेळेवर पार होईल याची हमी कोण देणार? एक दरड, एक फुगलेला नाला, आणि आजारी माणूस चार हजार मीटरवर रात्रभर गाडीत अडकणार. होमस्टेच्या स्वयंपाकघरात, बुखारीच्या बाजूला बसून आम्ही तासभर वाद घातला. शेवटी मित्राने फोन लावायला म्हणून बाहेर गेला तो दहा मिनिटांनी परत आला, म्हणाला, "नक्को जाऊ दे. तिकीट रद्द." सादरीकरणाचं काय केलं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

मावसभाऊ टॅक्सीने, आम्ही दोघे मागून बाइकवर, असे ताबोला उतरलो. त्याची बाइक काझ्यातच ठेवली. फक्त चारशे-सव्वाचारशे मीटरचा फरक. पण संध्याकाळी त्याने भात मागितला, दुसऱ्या दिवशी सकाळी शेव. आकडा ९० वर.

ताबोत दोन दिवस मिळाले आणि खरं सांगतो, सगळ्या प्रवासातले ते दोन दिवसच मला आज सविस्तर आठवतात. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. बाहेरून पाहिलं तर मातीच्या ठोकळ्यांचा समूह. आत शिरलं आणि डोळे अंधाराला सरावले की भिंतीभर चित्रं, आणि भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अशा उपमा मला एरवी आवडत नाहीत, पण कॉलेजात असताना अजिंठा पाहिलेला होता आणि अंधारात हळूहळू चेहरे उमटण्याचा अनुभव खरोखर तोच. फरक असा की अजिंठा दगडात आहे, ताबो मातीत. १९७५ च्या किन्नौर भूकंपाने त्याला तडे दिले, तरी तो उभा आहे. हजार वर्षं टिकण्याचं मोठं कारण इथे पाऊस जवळजवळ पडत नाही. मातीची सपाट छपरं बर्फ झाडून टाकण्यासाठी असतात, मुसळधार पावसासाठी नाही. हल्ली पाऊस अवेळी येतो, ही तिथल्या लोकांची खरी काळजी.

होमस्टेच्या बाई दुपारी फावडं घेऊन मटाराच्या शेतात जायच्या. मावसभाऊ विश्रांतीला कंटाळला होता, तो मागे गेला, मीही गेलो. शेताच्या कडेने हातभर रुंदीचा पाट वाहत होता. त्याला तिथे कुहल म्हणतात. वर हिमनदीच्या पोटातून निघून डोंगराच्या अंगाने, कुठे कुठे कित्येक किलोमीटर फिरून तो गावात येतो. पाणी कोणाच्या शेतात कधी, याच्या पाळ्या ठरलेल्या. बाई दगड आणि गवताच्या मुटक्याने एक तोंड बंद करून दुसरं उघडत होत्या. आमचं मूळ गाव खानदेशातलं. पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी पाण्याच्या पाळ्या लावतो, हे आजोबांकडून ऐकलेलं. इथे ते डोळ्यांसमोर चाललं होतं, फक्त वर बर्फाचा डोंगर होता.

बाईंनी हिंदीत समजावलं ते असं. सूर्य चढला की बर्फ वितळतं, दुपारी आणि संध्याकाळी पाणी वाढतं. रात्री पुन्हा गोठतं, पहाटे पाणी सगळ्यांत कमी. गावाच्या वर एक तळं बांधलेलं असतं. रात्रीतून येणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यात साठवतात आणि सकाळी शेताला सोडतात. वर्षाला पीक एकच. पूर्वी जव, आता मटार, कारण जुलै-ऑगस्टमध्ये खाली मैदानात मटार नसतो तेव्हा इथला ट्रक भरून जातो. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं तर पुढच्या उन्हाळ्यात पाट आटतो, आणि मग ट्रक नाही.

त्याच संध्याकाळी शेजारच्या खोलीत आलेल्या एका ग्रुपने गरम पाण्याच्या बादल्या मागितल्या, माणशी दोन. आणि संडासात फ्लश नाही म्हणून तक्रार केली. स्पितीचा पारंपरिक संडास कोरडा असतो. वर भोक, खाली खोली, वापरल्यावर एक फावडं माती किंवा राख. पुढच्या वर्षी तेच खत मटाराला. वास येत नाही, पाणी लागत नाही. जिथे एकेका पाळीचा हिशेब ठेवून शेत भिजवतात तिथे दर खेपेला बादलीभर पाणी ओतायचं, हे मला त्या पाटाच्या कडेला उभं राहिल्यावर फारच विचित्र वाटलं. पाहुण्यांसाठी आता फ्लश बसवलेले आहेतच. घरची माणसं जुनाच वापरतात. आम्हीही जुनाच वापरला. मित्राने पहिल्या दिवशी 'नक्को' म्हटलं, दुसऱ्या दिवशी फावडं उचललं.

तिसऱ्या दिवशी बसने काझ्याला परत. एक रात्र राहून सकाळी नव्हे, त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखवलं. लक्षणं नाहीत, आकडा ८८. डॉक्टरांनी कुंझुमला परवानगी दिली ती एका अटीवर : ओलांडा, पण वर झोपू नका. चंद्रताल कटाप.

वर झोपायचं नाही म्हणजे काझा ते लाहौलमधलं सिस्सू एका दमात, आणि वाटेतले नाले दुपारच्या आत. बाईंनी पाटाचं वेळापत्रक सांगितलं होतं तेच इथे लागू. शेताला जे पाणी दुपारी हवंहवंसं असतं, तेच नाल्यात बाइकवाल्याला नको असतं. कुंझुमपलीकडच्या बातल ते ग्रांफू रस्त्यावर हिमनद्यांचे ओढे सरळ रस्त्यावरून वाहतात. सकाळी आठ-नऊला घोट्याएवढं पाणी, दुपारी तीनला मांडीएवढं आणि ते दगडही बरोबर आणतं.

पहाटे पाचला निघालो. लोसरला चहा. कुंझुमवर देवीच्या देवळाला गाड्यांनी प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, ती घातली आणि पाच मिनिटांत उतरायला लागलो. ही खिंड पाणलोटाची सीमा. मागे राहिलेलं पाणी स्पितीतून सतलजला जातं, पुढचं चंद्रा नदीत. चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि तिची चंद्रभागा होते, खाली गेल्यावर चिनाब. पंढरपुरात आपण भीमेला ज्या नावाने हाक मारतो ते नाव इथे असं दोन तुकड्यांत वाहतं, हे वाचून माहीत होतं. पण घोंघावणारी ती करडी नदी पाहून वाळवंटातली वारी काही आठवेना.

बातलच्या पुढे रस्ता संपतो. म्हणजे नकाशावर असतो. खाली नारळाएवढे गोटे, त्यातून वाट काढायची. तीस-बत्तीस किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. मोठा नाला साडेदहाला आला. मी आधी गाडी लावून पायी ओलांडला. बूट भरले, पण कुठे खड्डा आहे ते कळलं. जिथे पाणी पसरून खळखळतं तिथे उथळ, जिथे गुळगुळीत दिसतं तिथे खोल. मग पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये क्लच दाबायचा नाही, नजर पाण्यावर नाही तर पलीकडच्या काठावर. गाडी थांबली तर पाणी चाकाखालचे दगड काढून घेतं. मावसभावाची गाडी मित्राने नेली, तो स्वतः काठीला धरून चालत आला. पाणी इतकं थंड की पलीकडे पोचल्यावर आपले पाय आपलेच आहेत का, हे बघावं लागतं. सुके मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. सगळ्या सामानात मी ज्याच्यासाठी आग्रह धरेन अशी ही एक वस्तू.

बाराच्या सुमारास छत्रूच्या धाब्यावर राजमा-चावल खाल्ला. छत्रू ३,३०० मीटरच्या आसपास, मावसभाऊ दोन ताटं जेवला. आम्ही निघायला हेल्मेट चढवत होतो तेव्हा उलट्या बाजूने तीन बाइक आल्या. पंचविशीच्या आतली मुलं, सकाळी मनालीहून निघालेली, संध्याकाळी चंद्रताल गाठायचं होतं. एकाने मला विचारलं, पुढे पाणी किती आहे? मी सांगायला सुरुवात केली. मावसभावाने मला थांबवलं आणि त्यांनाच विचारलं, "सर किसका दुख रहा है?"

दोघांनी तिसऱ्याकडे पाहिलं. तो हसला. म्हणाला, थोडंसंच, दोन गोळ्या घेतल्यात.

मावसभावाने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि चार चहा सांगितले.